ओला, कोरडा, दमट

क्रेन खांबाला धडकली तेव्हा मागे हुकला लावलेल्या गाडीला एक ओरखडासुद्धा आला नाही. ती बंद पडलेली पांढरी गाडी, पुढची चाकं वर, मागची खाली, तशीच झुलत राहिली आणि पुढे क्रेनचं अख्खं नाक आत गेलं. गल्लीतून एक बाई स्कूटर घेऊन सरळ मोठ्या रस्त्यावर आली होती. ना इकडे बघितलं ना तिकडे. तिला वाचवायला म्हणून बारक्याने स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि डावीकडे खांब होता. बाईने नंतर पोलिसांना सगळं रडत रडत सांगितलं, काही लपवलं नाही. चूक माझीच आहे म्हणाली. म्हणजे चूक कुणाची हा प्रश्न तिथल्या तिथेच मिटला होता.

पण तपासणी करावीच लागते. अपघात झाला की जो कोणी गाडी चालवत असेल त्याची दारूची आणि नशेची तपासणी होते, मग त्याची चूक असो नाहीतर नसो. माणूस शुद्धीवर असला तर मशीनमध्ये फुंकायला लावतात, नसला तर दवाखान्यात रक्त घेतात. स्कूटरवाल्या बाईने फुंकलं. हुंदक्यामुळे तिला दम पुरेना, मशीन आपलं परत फुंका, परत फुंका करत राहिलं. बारक्या शुद्धीवर नव्हता. त्याला क्रेनच्या दारातून ओढून बाहेर काढत होते, तेवढ्यात हवालदाराच्या जोडीचा पोलीस सवयीने बोलून गेला, "काय साहेब, ओला की कोरडा?"

हवालदाराने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने आपल्याच तोंडावर हात ठेवला. कारण ते बोलणं मुळात बारक्याचंच होतं.

बारक्या म्हणजे नावालाच बारक्या. अंगाने म्हणाल तर दारातून आत यायचा तर आधी दार अंधारायचं. पण मोठ्या बहिणीने लहानपणी हाक मारली ती मारली, ती काही बदलली नाही. आईबाप लवकर गेले, ताईनेच त्याला वाढवला. ती लाँड्रीत इस्त्री करते. कॉलरपासून सुरुवात, मग खांदे, मग बाह्या, मग पुढचा भाग. त्याच हाताने तिने बारक्याला शाळेत घातला, शाळेतून पळाला तेव्हा बडवला, बसवर लागला तेव्हा त्याचा पहिला गणवेश कडक करून दिला. तो गणवेश घालून तो इतका ताठ चालायचा की ताई म्हणायची, "अरे वाक जरा, शर्ट मोडला तर मी परत करीन."

मग तो प्यायला लागला. कधी लागला ते तिला नीट सांगता यायचं नाही. बसची नोकरी त्यातच गेली. एक दिवस डेपोत सकाळी फुंकायला लावलं आणि मशीन ओरडलं, संपलं. बायको तेव्हा काही बोलली नाही. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते, दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम बसवून "आता बघा बरं नीट दिसतंय का" म्हणायची तिला सवय. घरचं मात्र तिला आधीपासूनच नीट दिसत होतं. पोरीच्या शाळेच्या कार्यक्रमात बारक्या शेवटच्या रांगेत उभा राहून मोठमोठ्याने टाळ्या वाजवत राहिला, नाटक संपलं, पडदा पडला, लोक उठले, तरी हा थांबेना, त्या संध्याकाळी ती पोरीला घेऊन निघाली. भांडण नाही, तंडण नाही. कपड्यांची बॅग घेतली आणि गेली.

त्यानंतर बारक्या ताईकडे आला आणि तिच्या बाहेरच्या खोलीत पडला. ताईने त्याला ना उपदेश केला ना शपथ घातली. ती फक्त म्हणायची, "पिऊन आलास तर जिन्यात झोप. आत माझे गिऱ्हाइकांचे कपडे असतात." जिना अरुंद. त्यात त्याचं ते अंग. वरच्या मजल्यावरचे काका सकाळी दूध आणायला उतरायचे तेव्हा त्याला ओलांडून जायचे आणि प्रत्येक वेळी म्हणायचे, "उठ रे, वाहतूक अडली." असे किती महिने गेले कोण जाणे. मग एका रात्रीपासून तो आतच झोपू लागला. दारू का सोडली, कशी सोडली, त्याने सांगितलं नाही. ताईने विचारलंही नाही. विचारलं आणि मोडलं तर, म्हणून.

क्रेनचं काम मिळालं ते असं की मालकाला दणकट माणूस हवा होता आणि दुसरं कोणी आलं नाही. बंद पडलेली गाडी उचल, ठोकलेली गाडी उचल, गॅरेजला सोड. बारक्याला ते काम मानवलं. लोक त्याची वाट बघत असायचे, तो आला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. बसवर असताना लोक घड्याळ दाखवायचे, इथे पाणी द्यायचे.

आणि अपघाताच्या जागी क्रेन म्हटलं की पोलीस आलेच. हवालदाराशी त्याची तिथेच ओळख झाली. हवालदार मशीन काढून नळी बसवायला लागला की बारक्या लांबूनच ड्रायव्हरकडे बघायचा आणि हळूच विचारायचा, "साहेब, ओला की कोरडा?" एकाने ओला म्हणायचं, दुसऱ्याने कोरडा. हरेल त्याने चहा पाजायचा. बारक्या इतकी वर्षं प्यायलेला माणूस, त्याला चेहऱ्यावरून ओळखता यायला हवं की नाही? काडीचं कळायचं नाही. डोळे लाल म्हणून ओला सांगायचा, तर तो बिचारा रडलेला असायचा. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ, चेहऱ्यावर देवघरातल्या माणसासारखा शांत भाव, बारक्या छाती ठोकून म्हणाला कोरडा, आणि मशीन असं किंचाळलं की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. हवालदार म्हणायचा, "अरे, तू प्यायलास ती दारू होती की सरबत?" बारक्या म्हणायचा, "मी स्वतःला कुठे बघितलं होतं साहेब? मी आतून बघत होतो." चहा जवळजवळ नेहमी तोच पाजायचा.

घरी येऊन तो ताईला हे सांगायचा. ताई इस्त्री खाली न ठेवता ऐकायची. हसायची नाही फार, पण ऐकायची.

अपघात झाला त्या वर्षी भावजयीने एक गोष्ट केली होती. पोरीला शनिवारी बापाकडे पाठवायला लागली होती. आधी दुपारपुरती, मग संध्याकाळपर्यंत. तिचं म्हणणं एकच. फोनवर ती ताईला म्हणाली होती, "ताई, एकदा जरी घेतली ना, तर परत नाही. आणि मी पोरीशी खोटं बोलणार नाही. लहान होती तेव्हा खूप बोलले, बाबाला बरं नाही, बाबा दमलाय. आता ती मोठी झालीये. तिला जे असेल ते सांगणार." ताई म्हणाली, "बरोबर आहे तुझं." पोरगी यायची, बापाशेजारी बसून त्याच्या फोनवर काहीतरी बघायची, दोघं फारसं बोलायचे नाहीत. आता या सुट्टीत ती राहायलाच येणार होती. बारक्याने बाहेरच्या खोलीतली त्याची पलंगडी तिच्यासाठी खिडकीखाली सरकवली होती आणि स्वतः जमिनीवर झोपायची तालीम सुरू केली होती. ताई म्हणायची, "जमिनीची तुला काय तालीम? जिन्यात पदवी घेतलीयेस तू." तो हसायचा.

तर अशा वेळी हे झालं.

ताई दवाखान्यात पोचली तेव्हा त्याचं रक्त घेऊन झालं होतं. एका हाताला प्लास्टर होतं की नुसत्याच पट्ट्या होत्या, तिला कळलं नाही. ती त्याच्या तोंडाजवळ वाकली. लोकांना वाटलं काहीतरी कानात सांगतेय. ती वास घेत होती. पण त्या खोलीत सगळीकडेच औषधाचा उग्र वास भरलेला, त्यात काय कळणार? ती सरळ उभी राहिली. संध्याकाळ व्हायच्या आत तो गेला.

तिने भावजयीला फोन केला. मग भावजय म्हणाली, "प्यायला होता?"

"माहीत नाही."

"तुम्हाला वास नाही आला?"

"दवाखान्याचा आला."

मग ती म्हणाली, "ते तपासतात ना. तपासलं असेल. ते येऊ दे, ताई. पोरगी पहिलं तेच विचारणार आहे. मी तिला काय सांगू?" आणि मग ती रडली, पण फोन लांब धरून, ताईला ऐकू जाऊ नये म्हणून. ताईला ऐकू गेलं.

पोरीने खरंच पहिलं तेच विचारलं. आणि आईने सांगितलं, अजून कळलं नाही. त्यावर पोरगी जी गप्प झाली ती गप्पच. बापाला शेवटचं बघायला आली तेव्हासुद्धा लांब दाराशी उभी राहिली. रडायचं की रागवायचं ते तिचं अजून ठरत नव्हतं. ताई हात धरायला गेली तर तिने हात मागे घेतला, वाईट रीतीने नाही, पण घेतला.

ताई कामावर जायला लागली. घरी बसून काय करणार? लाँड्रीत गिऱ्हाइकं यायची, हळहळायची, आणि हळहळता हळहळता मधेच विचारायची, "मग त्या दिवशी... म्हणजे घेतली होती का हो?" एक बाई म्हणाली, "नाही, आमचे हे म्हणत होते की एकदा पिणारा तो पिणाराच." ताई म्हणाली, "तुमच्या ह्यांच्या पँटला आतून शिवण सुटलीय, तेवढी बघा." बाई पावती न घेताच गेली. वरच्या मजल्यावरचे काका मात्र काही बोलले नाहीत. ते जिन्याने उतरताना अजून एक पायरी ओलांडूनच उतरायचे, रिकामी असली तरी.

लोकांचं काही नाही. लोक विसरतात. ताईला धसका होता तो एकाच गोष्टीचा. मशीन ओला म्हणालं तर पोरगी बापाला जन्मभर माफ करणार नाही, आणि इकडे परत फिरकणारही नाही. आणि ताईला स्वतःलाच खात्री नव्हती. ती रात्रंदिवस त्याच्याबरोबर थोडीच होती? त्या सकाळी तो जरा लवकर निघाला होता. का लवकर निघाला? काम होतं म्हणाला. कसलं काम? ती शर्टाच्या बाहीवर इस्त्री फिरवायची आणि तेच ते फिरवत राहायची.

मग एक दिवस हवालदार लाँड्रीत आला. त्याचे गणवेश तिथेच यायचे, पण आज त्याच्या हातात कपडे नव्हते. त्याने टोपी काढून काउंटरवर ठेवली, परत उचलली.

"ताई, रिपोर्ट आला."

ताईने इस्त्री उभी केली. "सांगा."

"नशेचं काही नाही. गोळी नाही, गांजा नाही, काही नाही."

"आणि?"

"दारूचं... म्हणजे कायद्याने तो कोरडा आहे. जेवढी चालते त्याच्या कितीतरी खाली."

"खाली म्हणजे? आहे ना?"

"किंचित आहे."

"साहेब, तुम्ही दोघं खेळायचात ना ते? मला तेवढंच सांगा. ओला की कोरडा?"

हवालदाराने टोपी गोल फिरवली. मग म्हणाला, "ताई, दमट."

ताईला दमट चांगलं माहीत होतं. दमट कपड्यावरच इस्त्री चांगली बसते. पण माणूस दमट म्हणजे काय, हे तिला कळेना.

हवालदाराने मग सांगितलं. दारूच्या तपासणीचं रक्त घेताना हात स्पिरिटने पुसायचा नसतो, साध्या पाण्याने पुसायचा. स्पिरिट शेवटी दारूचीच चुलत बहीण. पण त्या दिवशी गडबड. सिस्टरचा हात सवयीने स्पिरिटच्या बोळ्याकडे गेला आणि तिने बारक्याचा दंड पुसून टाकला. हवालदार ओरडला, "अहो सिस्टर, दारूचं रक्त आहे!" सिस्टर म्हणाली, "अगं बाई," आणि बोळा टाकून दिला. दुसरा हात घेण्यासारखा राहिला नव्हता. पाण्याने परत पुसलं आणि तिथूनच घेतलं. सिस्टरने तसं सांगितलंही वर, लपवलं नाही. "मी लॅबच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, त्या बोळ्याचंही असेल, याचंही असेल, मला वेगळं करून सांगता येणार नाही."

"म्हणजे कुणालाच सांगता येणार नाही?"

"नाही."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

हवालदार टोपीकडे बघत म्हणाला, "माझं सोडा ताई. त्या दिवशी आमच्यातल्या एकाने तिथेच विचारलं, ओला की कोरडा. सवयीने. मला त्याचं उत्तर द्यावंसं वाटलं नाही. आजही नाही वाटत." मग तो टोपी घालून गेला. जाता जाता दाराला अडखळला.

ताईने उरलेले शर्ट संपवले आणि तशीच भावजयीकडे गेली. वाटेत ती मनात जुळवत होती. कायद्याने कोरडा असं सांगावं का? पोरगी हुशार आहे, विचारेल, कायद्याने म्हणजे? बोळ्याचं सांगावं का? बोळ्याचं सांगितलं तर वाटेल आत्या बापाला झाकतेय. काहीच नव्हतं असं सरळ सांगून टाकावं का? तेवढ्यात भावजयीचं दार आलं.

भावजयीने दार उघडलं, चष्मा डोक्यावर सरकवलेला. पोरगी आतल्या खोलीत होती, दार लावून.

ताई सगळं जुळवलेलं तिथल्या तिथे विसरली. ती म्हणाली, "थोडं आलंय."

"काय थोडं?"

"दारू. अगदी थोडी. चालते त्याच्यापेक्षा कितीतरी कमी. सिस्टरने स्पिरिटने पुसलं म्हणतात, त्याचं असेल, नाहीतर..."

"थांबा. थोडी?"

"हो."

"थोडी म्हणजे किती? घोटभर?"

"तेवढीही नाही म्हणे."

भावजय खुर्चीवर बसली. "ताई," ती म्हणाली, "तो थोडी प्यायला?"

"असं मशीन म्हणतंय."

"मशीनला काय माहीत? मी संसार केलाय त्याच्याबरोबर. त्याला थोडं कधी काही जमलंय का? पोरीला एक फुगा आण म्हटलं तर फुगेवाल्याची काठीच घेऊन आला होता. बाथरूमच्या दाराला रंग लाव म्हटलं तर कडीलाही लावला, कुलपालाही लावला, आणि कडी अशी चिकटली की मी आत कोंडले गेले! बाटली उघडली की तळ दिसेपर्यंत त्याला झाकण सापडायचं नाही. मी एवढी विनवणी केली होती एके काळी, की नको सोडूस, थोडी घे, पण थोडीच घे. म्हणाला, ते मला येत नाही. हे त्याने स्वतः मला सांगितलंय. ते मला येत नाही म्हणे, जसं काही पोहायला येत नाही." ती हसायला लागली. "तो प्यायला असता ना ताई, तर तुमचं ते रक्ताचं मशीन जळून गेलं असतं!"

ताईही हसली. आधी नाकातून, मग पोटातून. दोघी जणी समोरासमोर बसून इतक्या हसल्या की भावजयीचा डोक्यावरचा चष्मा खाली पडला. तो उचलायला वाकली ती तशीच वाकून राहिली आणि मग तिचे खांदे हलत राहिले. ते हसणं राहिलं नव्हतं.

आतलं दार उघडलं. पोरगी उभी. "काय झालं? हसताय काय तुम्ही?"

भावजयीने डोळे पुसले. खोटं न बोलणारी ती बाई सरळ पोरीकडे बघून म्हणाली, "तुझा बाप प्यायला नव्हता."

"नक्की?"

"नक्की."

"मशीनने सांगितलं?"

"मशीनने सांगितलं थोडी प्यायला होता."

पोरगी आईकडे बघत राहिली. मग आत्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बाबा? थोडी?" आणि तिचा चेहरा असा झाला की ताईने उठून तिला जवळ घेतलं. या वेळी तिने अंग काढून घेतलं नाही. जे इतके दिवस अडकून होतं ते सगळं ताईच्या खांद्यावर बाहेर आलं.

सुट्टी लागली तशी पोरगी बॅग घेऊन ताईकडे राहायला आली. भावजय दारापर्यंत सोडून गेली, वर चहाला थांबली नाही, दुकान उघडायचं होतं. पोरगी दिवसभर ताईच्या मागे मागे लाँड्रीत. काउंटरवर बसली, हँगर रंगांप्रमाणे लावले, कंटाळली. मग म्हणाली, "आत्या, मी करू एक?"

"चटका बसेल."

"नाही बसणार."

ताईने करू दिला. कॉलरपासून सुरुवात, मग खांदे, असं सांगितलं. पोरीने कॉलर बरी केली, खांदा बरा केला, आणि खिशावर इस्त्री ठेवून रस्त्यावरून जाणाऱ्या क्रेनकडे बघत राहिली. वास आला तेव्हा उशीर झाला होता. शर्ट हवालदाराचा होता. खिशावर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग, चांगला ठसठशीत.

संध्याकाळी हवालदार कपडे न्यायला आला. ताईने शर्ट उलगडून समोर धरला, लपवण्यात अर्थ नव्हता. "तुमचा खिसा जळला, साहेब. दुसरं कापड लावून देते."

हवालदाराने डाग बघितला. "तुमच्या हातून? इतक्या वर्षांत कधी झालं नाही."

"माझ्या नाही." ताईने मानेने मागे दाखवलं. पोरगी हँगरच्या रांगेमागे उभी होती, नुसते पाय दिसत होते.

"ही कोण?"

"बारक्याची."

हवालदाराने शर्ट हातात घेतला, घडी घातली, डाग आत गेला तरी परत बाहेर काढून एकदा बघितला. "कापड नका लावू," तो म्हणाला. "पेन लावलं की झाकला जातो." आणि शर्ट काखेत घेऊन गेला.